मोतीबाग शिशुविहाराची तहकूब सभा

लातूरच्या मोतीबागेतली शिशुविहाराची इमारत विकायला एकाही सभासदाचा विरोध नव्हता. सगळ्यांना ती विकायची होती, घेणारी बाई तयार होती, भावही पटला होता. तरी वर्ष उलटून गेलं आणि इमारत काही विकली जाईना, कारण दर सभेच्या तोंडावर कुणीतरी मरत होतं.

मोतीबाग म्हणजे गावातली जुनी, पैसेवाल्यांची वस्ती. निजामाच्या काळात इथं वकिलांचे आणि मोठ्या अडत्यांचे बंगले होते. आता त्याच बंगल्यांवर हाडांच्या, दातांच्या आणि कातडीच्या डॉक्टरांच्या पाट्या आहेत. शिशुविहार या सगळ्यांच्या मधोमध. दगडी बांधणी, पुढं लांब ओसरी, आणि ओसरीत रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला. तीच शाळेची घंटा. एके काळी बंगल्यांतली लेकरं आणि मागच्या गल्लीतली लेकरं इथं एकाच सतरंजीवर बसायची. पुढं बंगल्यांतली लेकरं पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळेत जाऊ लागली, त्यांच्या मागोमाग गल्लीतलीही गेली, आणि इमारतीत सभा तेवढ्या उरल्या.

त्या सभाही बघण्यासारख्या असत. मोठ्या खुर्च्या एका सभासदाच्या मुलीच्या लग्नाला नेल्या होत्या, त्या परत आल्याच नाहीत. मुलगी आता आजी झाली असेल. तेव्हापासून सत्तरी-ऐंशीतली ही माणसं लेकरांच्या लाल-निळ्या लाकडी खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसत आणि संस्थेच्या भवितव्यावर बोलत. भिंतीवर त्यांच्या डोक्यामागं हत्ती, ससा आणि बदकं काढलेली होती. अध्यक्ष डॉक्टर रामलिंग यांची जागा बदकाखाली ठरलेली.

संस्थेचा चिटणीस शंकरप्पा. एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून त्याची नोकरी झाली. उदगीर, देगलूर, नांदेडच्या गाड्या पुकारण्यात घसा गेला, त्यामुळं घरी आणि सभेत तो कमीच बोलायचा. कुणी काही सांगितलं की "बरं" म्हणायचा. शिशुविहाराशी त्याचा संबंध बायकोमुळं आला. गुणाबाई तिथली बाई. बाई म्हणजे शिक्षिका, आणि दाई गेल्यावर दाईसुद्धा तीच. ती पगारी होती, म्हणून घटनेप्रमाणं तिला सभासद होता येत नव्हतं. शंकरप्पा मात्र सुट्टीच्या दिवशी बँकेत जाणं, पाण्याची टाकी धुऊन घेणं असली कामं फुकट करायचा, म्हणून त्याला सभासद केलं आणि पुढं चिटणीसही. गुणाबाई हसायची. म्हणायची, शाळा मी चालवायची आन् सही तुमची.

गुणाबाई गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला वारली. नांदेडला लेकीकडं गेली होती, तिथं ताप आला, कावीळ निघाली, आणि परत आणली ती गाडीतून झोपवूनच. जळकोटजवळच्या शेतात माती दिली. तिच्या मंगळसूत्राला नेहमी पिना अडकवलेल्या असत, कुणा लेकराच्या चड्डीचं बटण तुटलं तर लावायला. बायकांनी त्या काढून शंकरप्पाच्या हातात दिल्या. त्यानं खिशात ठेवल्या आणि त्या खिशातच राहिल्या. शर्ट बदलला की पिनाही बदलून ठेवायचा.

घरचं सगळं रीतीप्रमाणं झालं होतं. पण जिथं तिनं जन्म घालवला, तिथं तिच्यासाठी कुणी दोन मिनिटं उभं राहिलं नव्हतं. शंकरप्पाला एवढंच पाहिजे होतं. इमारत विकली तर विकू द्या, त्याचं त्याला काही नव्हतं. पण इमारत गेली की संस्था मिटणार, आणि संस्था मिटली की उभं कोण राहणार? एक दिवस त्यानं धीर करून डॉक्टरांच्या दवाखान्यात विषय काढला. डॉक्टर भला माणूस. त्यांनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि समजावून सांगितलं की दुखवटा सभासदाचाच होतो, घटनेत तसं आहे. पगारी माणसांचा सुरू केला तर उद्या दूधवाल्यापर्यंत जावं लागेल. शंकरप्पा म्हणाला, बरं.

आता ही घटना. संस्था काढली एका वकिलानं. सुरुवातीला कधीतरी एक संस्थापक वारला, तेव्हा सभेत त्याच्यासाठी उभं राहून सगळे खाली बसले आणि बसल्या बसल्या छपराच्या पत्र्यावरून भांडायला लागले. वकिलाला ते फार लागलं. त्यानं घटनेत कलमच घातलं: सभेचा पहिला विषय श्रद्धांजलीचा, आणि ज्या सभेत दुखवट्याचा ठराव झाला त्या सभेत दुसरं काही कामकाज होणार नाही, सभा तहकूब. सभासद तरुण होते तोवर या कलमाचा कुणाला त्रास झाला नाही. आता उरलेल्यांत सगळ्यात तरुण शंकरप्पा, आणि त्याला मोतीबिंदू.

इमारत घेणारी बाई म्हणजे ऋतुजा मॅडम. अहमदपूरकडची. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांना जीवशास्त्र शिकवायचे तिचे क्लास जोरात चालत होते, आणि तिला मुलींच्या अभ्यासिकेसाठी चांगल्या वस्तीत जागा पाहिजे होती. पैसे मुलींच्या एका वसतिगृहाला द्यायचे असं संस्थेचंही ठरलं होतं. धर्मादाय कार्यालयाला फक्त सभेचा ठराव हवा होता.

पहिली सभा बोलावली. चार दिवस आधी एक सभासद गेले. सगळे उभे राहिले, सभा तहकूब. दुसरी बोलावली. आदल्या दिवशी दुसरे गेले. ऋतुजा मॅडम पेढे घेऊन आल्या होत्या, त्यांनी पुडा तसाच परत नेला. मग डॉक्टर म्हणाले, हे कलमच बदलू. आताच्या एका वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, बदला की, सभा घ्या. आणि सभेचा पहिला विषय श्रद्धांजली.

तिसऱ्या वेळी देगलूरच्या चन्नबसप्पांचं झालं. चन्नबसप्पा जुने सभासद, हळदीचे व्यापारी, लातूरचा कारभार आटोपून देगलूरला पोराकडं राहायला गेलेले. त्यांची पंचाहत्तरी झाली. नातवानं आजोबांचा भलामोठा हार घातलेला फोटो संस्थेच्या ग्रुपवर टाकला आणि खाली दोन हात जोडले. तो फोटो पहिल्यांदा जळकोटच्या किशनरावांनी बघितला. किशनरावांच्या डोळ्यांना हार दिसला, जोडलेले हात दिसले, आणि त्यांनी लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. मग बाकीच्यांनी कशाला विचारायचं? खाली एकामागून एक श्रद्धांजल्या पडल्या. नातू पुण्याला, तो काही ग्रुप उघडून बघत नव्हता. चन्नबसप्पांकडं साधा फोन.

सभेत डॉक्टर त्यांच्याबद्दल फार चांगलं बोलले. जिलानीसाहेबांनी, म्हणजे कापडाच्या दुकानाच्या जुन्या मालकांनी, चन्नबसप्पा दंगलीच्या दिवसांत जिलानींच्या दुकानापुढं राखणीला खुर्ची टाकून बसल्याची आठवण सांगितली. शंकरप्पानं रुळावर टोला दिला, सगळे बसले, सभा तहकूब झाली. ठरावाची प्रत टपालानं देगलूरला गेली.

ती चन्नबसप्पांनी स्वतः सही करून घेतली.

पुढच्या आठवड्यात ते देगलूरच्या गाडीनं आले आणि प्रत हातात धरून डॉक्टरांच्या दवाखान्यात उभे राहिले. पेशंट उठून गेले. भांडायला आलेत असं डॉक्टरांना वाटलं. पण त्यांना एवढंच सांगायचं होतं की ठराव वाचून बायको रडली, आणि आपल्याबद्दल जितेपणी एवढं चांगलं कुणी बोललं नव्हतं, म्हणून प्रत चौकटीत बसवायला टाकली आहे, तिच्यावर शिक्का नीट उमटलेला नाही तेवढा पुन्हा मारून द्यावा. डॉक्टर म्हणाले, आपण हा ठराव रद्द करू. चन्नबसप्पा म्हणाले, कशाला? राहू द्या. तसाही तो रद्द करायचा तर सभा घ्यावी लागली असती.

एवढं झाल्यावर ऋतुजा मॅडमचा धीर सुटला. त्यांनी औसा रोडला दुसरी जागा बघून ठेवली आणि निरोप दिला की या महिन्याच्या सभेत सही झाली तर ठीक, नाहीतर तिकडची बोलणी पक्की करते.

डॉक्टरांनी मग मनावर घेतलं. सभेपर्यंत एकही सभासद मरू द्यायचा नाही. रोज सकाळी ते रक्तदाबाचं यंत्र घेऊन घरोघर फिरू लागले. जिलानीसाहेबांना जिना चढायची बंदी केली, त्यामुळं त्यांचा पलंग खाली दिवाणखान्यात आला आणि घरातल्या बायकांची पंचाईत झाली. किशनरावांची मोटारसायकल मुलाच्या ताब्यात गेली. ते शेतात बांधावरून चालले तरी मागं गडी ठेवला. दोन सभासदांचं पंचवीस वर्षांपासून बोलणं नव्हतं, ते रोज एकमेकांना फोन करू लागले. जिते हाव का, एवढंच विचारायचं आणि ठेवायचा. ऋतुजा मॅडमनी सगळ्यांकडं फळं पाठवली. शंकरप्पाकडंही आली. एवढी फळं एकट्यानं खायची कशी म्हणून त्यानं शेजारी वाटून टाकली.

डॉक्टर शंकरप्पाचाही रक्तदाब बघत. पट्टा बांधून, हवा भरून म्हणत, तुमची काळजी नाही. शंकरप्पा म्हणायचा, बरं. मग डॉक्टर गेल्यावर तो तशीच बाही वर ठेवून बसून राहायचा. गुणाबाईला कावीळ झाली तेव्हा नांदेडच्या डॉक्टरानंही पहिल्या दिवशी तेच सांगितलं होतं, काळजी नाही.

सभेचा दिवस उजाडला. गाड्या पाठवून एकेकाला आणलं. जळकोटहून किशनराव आले ते शेजारी नर्स बसवून. चन्नबसप्पा आले, नवा सदरा घालून. ठरावाप्रमाणं ते हयात नव्हते, पण सहीचा मामला होता म्हणून डॉक्टरांनी त्यांना बसवून घेतलं आणि हा विषय कुणी काढू नये असं बजावलं. ऋतुजा मॅडम फाटकाबाहेर गाडीत थांबल्या. आत यायला त्या आता घाबरत होत्या.

सगळे लाल-निळ्या खुर्च्यांवर टेकले. डॉक्टरांनी बदकाखाली बसून सगळ्यांवरून नजर फिरवली, पुन्हा फिरवली, आणि पहिला विषय वाचला. मागील सभेपासून दिवंगत झालेले सभासद. मग मान वर करून म्हणाले, "निरंक."

टाळ्या पडल्या. किशनरावांनी तर शेजारच्याच्या मांडीवर थाप मारली.

"हाय एक," शंकरप्पा म्हणाला.

टाळ्या थांबल्या. सगळे एकमेकांकडं बघू लागले, कोण राहिलं म्हणून. डॉक्टरांनी पुन्हा माणसं मोजली.

"कोण, शंकरप्पा?"

"गुणाबाई."

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले की बाईंबद्दल इथं कुणाच्या मनात आदर नाही असं नाही. पण त्या सभासद नव्हत्या, आणि त्यांना जाऊन वर्ष होऊन गेलं. आज ठराव केला तर कलमाप्रमाणं सभा इथंच संपते, बाहेर मॅडम बसल्यात, त्या औसा रोडला जातील, मुलींच्या वसतिगृहाचे पैसे जातील, आणि पुढच्या सभेपर्यंत आपल्यातलं कोण राहील याची हमी मी डॉक्टर असून देऊ शकत नाही. इमारतीचं उरकल्यावर वाटलं तर वेगळा कार्यक्रम घेऊ. चहापान ठेवू.

बाकीचे खाली बघत होते. डॉक्टरांचं काही चुकत नव्हतं, हे शंकरप्पालाही कळत होतं. त्याच्या तोंडात "बरं" आलंच होतं.

तेवढ्यात चन्नबसप्पा बोलले. त्यांना उठता येत नव्हतं, म्हणून बसूनच.

"डॉक्टर, मी जिता असताना तुमी माझ्यासाठी उभं राहिलाव. तुमचा कागद माझ्या घरात भिंतीला हाय. आन् ती बाई खरंच मेली तरी उभं राहायचं न्हाई?"

डॉक्टर म्हणाले, ती चूक झाली होती आप्पा.

"मग अजून एक करा."

जिलानीसाहेबांनी हातातली काठी फरशीवर टेकली आणि पुढं वाकले. "माझ्या तिन्ही पोरांच्या चड्डीला तिनंच पिना लावल्या," ते म्हणाले. "माझ्या दुकानात कपडा, आन् पोरं इथं चड्ड्या धरून यायची. उठा, डॉक्टरसाब."

उठा म्हणणं सोपं होतं. त्या खुर्च्यांवरून एकट्यानं उठणं कुणालाच जमत नसे. गुणाबाई होती तोवर दर वेळी ती यायची आणि लेकरांना उठवावं तसं एकेकाला काखेत हात घालून उठवायची. वर म्हणायचीसुद्धा, शाब्बास. आता किशनरावांनी जिलानीसाहेबांचा खांदा धरला, त्यांनी पुढच्याचा धरला, नर्सनं मागून लोटलं, आणि अशी आगगाडीच्या खेळासारखी सगळी माणसं एकदाची उभी राहिली. शेवटी डॉक्टर उभे राहिले. त्यांनी बाईंचं नाव घेऊन ठराव मांडला. सूचक चन्नबसप्पा, अनुमोदक जिलानीसाहेब. मग माना खाली गेल्या.

शंकरप्पा ओसरीत रुळाजवळ गेला. दोन मिनिटं झाली की टोला द्यायचा. हे काम पहिल्यापासून गुणाबाईचं. कुणाही सभासदाचा दुखवटा असो, ती ओसरीत लोखंडाची कांब घेऊन उभी असायची आणि नेमका वेळेवर टोला द्यायची. घड्याळ घालायची नाही. एकदा त्यानं विचारलं होतं, तुला कळतं कसं? ती म्हणाली होती, बेपासून पाचपर्यंत पाढे मनात म्हणायचे, सावकाश, लेकरं म्हणतात तसं.

त्यानं पाढे सुरू केले. बे झाले, तीन झाले, चार झाले, पाच झाले. कांब हातात होती, पण हात वर जाईना. टोला दिला की ते बसणार. मग झालंच. तो सहाच्या पाढ्यात गेला, सातच्या गेला. आत कुणीतरी खोकलं, पण बसलं कुणी नाही. नऊ झाले, बारा झाले. फाटकातून ऋतुजा मॅडम आत आल्या होत्या, इतका वेळ शांत का म्हणून बघायला. त्यांनी उभी माणसं बघितली, चपला काढल्या, पदर सावरला आणि ओसरीच्या पायरीपाशी मान खाली घालून उभ्या राहिल्या. शंकरप्पा सतराच्या पाढ्यात अडकला. सतरा सक्कं त्याला आठवेना. सतरा सक्कं त्याला शाळेतही आलं नव्हतं, मास्तरांनी छड्या मारल्या होत्या. मग त्यानं पुन्हा बेपासून धरलं. या वेळी तिनं सांगितलं होतं तसं, सावकाश. पाच दाहे पन्नास झालं आणि त्यानं टोला दिला.

आत माणसं बसली नाहीत, कोसळली. किशनरावांची खुर्ची मोडली. डॉक्टरांनी त्यांची नाडी बघितली, मग सभा तहकूब केली आणि पुढची तारीख सांगून म्हणाले की तोवर कृपा करून कुणी जाऊ नका. चन्नबसप्पा म्हणाले, मला धरू नका, माझं झालंय.

ओसरीत ऋतुजा मॅडमनी चपला घातल्या नव्हत्या. त्यांच्या हातात चेकबुकाची पर्स होती. आता पुन्हा कोण, असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं, पण आवाज हळू ठेवून त्यांनी विचारलं, "कोण गेलं हो, काका?"

"माझी बायको," शंकरप्पा म्हणाला.

मॅडम त्याच्याकडं बघतच राहिल्या. हातात कांब, डोळे लाल, खिशाला पीन अडकलेली.

"कधी?"

शंकरप्पानं थोडा विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. घरी ती गेली त्याला वर्ष झालं होतं. पण मॅडम इथलं विचारत होत्या.

"आता," तो म्हणाला.

"अहो, आणि तुम्ही सभेला आलात?" मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी त्याच्या हातातली कांब काढून घेतली आणि भिंतीशी ठेवली. आतून डॉक्टर सभेचं काहीतरी सांगायला बाहेर येत होते, त्यांना मॅडमनी हातानंच थांबवलं. म्हणाल्या, जागेचं राहू द्या डॉक्टर, मी थांबते महिनाभर. माणसाला काही आहे की नाही? यांना घरी सोडते मी.

डॉक्टरांनी शंकरप्पाकडं बघितलं. शंकरप्पानं डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टरांनी दाराची कडी धरली आणि ते पुन्हा आत गेले.

मॅडमनी त्याला गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा स्वतः लावला. त्या हळू चालवत होत्या. फाटकाबाहेर आल्यावर म्हणाल्या, काकू कशा होत्या हो?

वर्षभरात त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. जे आले त्यांना ती ठाऊकच होती. शंकरप्पा बोलायला लागला. तिनं शिशुविहारात पहिल्या दिवशी काय केलं इथपासून त्यानं धरलं. एक पोरगा ओसरीतून पळून जायचा आणि ती त्याच्यामागं अनवाणी गंजगोलाईच्या बाजारापर्यंत पळत गेली होती. मॅडम ऐकत होत्या. चौकात गाडी थांबली. मॅडमनी विचारलं, घराकडं डावीकडं ना?

"हाव, डावीकडंच," शंकरप्पा म्हणाला. "पण जरा लांबून घ्या."